भिरभिऱ्याची साक्ष

कुलाबा, मुंबई
९ डिसेंबर १९८१

आदरणीय दाजी यांस,
हिरामणचा सप्रेम जय भीम.

परवा सहा तारखेला दादरला ताई भेटली, पण त्या गर्दीत धड काही बोलता आलं नाही आणि तुम्ही तर लांबूनच दिसलात. म्हणून सविस्तर लिहितो. तुमच्या गावच्या मालोजीच्या टेंपोतून एक खोकं पाठवलंय. त्यावर 'काच आहे' असं मी मोठ्या अक्षरात लिहिलंय. आत काच नाही, पण काच म्हटल्यावर मालोजी गाडी खड्ड्यात जरा हळू घालतो.

आत आमच्या दस्तूरबाईंच्या शिडाच्या बोटीचं भिरभिरं आहे. बाई त्याला विंड सेन्सर म्हणतात. हे डोलकाठीच्या पार टोकाला बसतं. त्याच्या तीन वाट्या गोल फिरतात, त्यावरून वारा किती जोराचा आहे ते कळतं. शेजारी एक पातं आहे, त्याला पुढे चोच आणि मागे शेपूट. चोच जिकडे, वारा तिकडून, असं समजायचं. वायर खाली येते आणि बाई सुकाणूपाशी बसल्या बसल्या काट्यावर सगळं बघतात. आता खारी हवा खाऊन आतली बेअरिंगं संपली आहेत. वाट्या रडत रडत फिरतात. पातं तर गंजून एका जागी घट्ट बसलंय.

नवं यंत्र विलायतेहून मागवलं तर ते कस्टममधून सुटेपर्यंत पावसाळा लागेल. मी नागदेवीला बेअरिंगवाल्यांकडे जाऊन आलो. हरभऱ्याएवढं बेअरिंग पाहिजे म्हटल्यावर एकाने मला खेळण्यांच्या दुकानाचा पत्ता दिला.

तुम्ही मोटारींचं वाइंडिंग भरता, पंप दुरुस्त करता, तेव्हा तुम्हाला सांगायला नको, तरी बाईंनी सांगितलेलं लिहितो. हातोडी लावायची नाही. नवं बेअरिंग बसवताना जोर फक्त बाहेरच्या कड्यावर द्यायचा, आतल्यावर दिला तर गोळ्यांना खळगे पडतात. ग्रीस भरायचं नाही, घड्याळाचं पातळ तेल फक्त. ग्रीसने मंद वाऱ्यात वाट्या हलतच नाहीत.

आता खरी गोष्ट. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी शर्यत आहे. बाईंच्या बोटीवरचा एक जण दुबईला गेला. भिरभिरं वेळेत चालू झालं तर काट्यापाशी बसून वारा सांगायला मला घेईन असं बाई म्हणाल्या आहेत. आठ वर्षं मी ती बोट धुतोय, पुसतोय, तिची शिडं वाळवतोय. पण ती शर्यतीला निघाली की मी धक्क्यावर उभा. म्हणून दाजी, हे तुमच्या हातात आहे.

आणखी एक. बाईंना मी सांगितलंय की खालापूर तालुक्यात आमच्या दाजींचं मोठं वर्कशॉप आहे. कारागीर वगैरे आहेत असंही बोलून गेलो. तेवढं सांभाळून घ्या.

तुमचा,
हिरामण

————

कुंभिवली, ता. खालापूर
१७ डिसेंबर १९८१

प्रिय मेहुणे हिरामण यांस,
सहदेवचा सप्रेम जय भीम. विशेष.

आपलं खोकं सुखरूप पोचलं. यंत्र पाहून समाधान वाटलं. कामात सफाई आहे. प्रथम त्याचा अभ्यास करावा असं ठरवलं आणि अभ्यास करायचा तर यंत्र वाऱ्यात पाहिजे, म्हणून दुकानाच्या पत्र्यावर बांबू उभा करून त्यावर ते बसवलं आहे. हायवेवरून लांबूनच दिसतं. ट्रकवाले थांबतात, वर बघतात, चहा पितात. समोरच्या हॉटेलवाल्याचा धंदा वाढला असं तो स्वतः म्हणाला.

ग्रामसेवक आले होते. हे सरकारी हवामान खात्याचं आहे का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं नाही. नाही असंही म्हटलं नाही, कारण त्या वेळी तोंडात स्क्रू धरलेले होते. ते मान डोलावून गेले. तेव्हापासून लोक सल्ल्याला येतात. सध्या गावात भात वारवायचे दिवस आहेत. वारा कुठल्या अंगाने आहे ते समजल्याशिवाय आता कोणी सूप उचलत नाही. माझ्या दुकानामागे खळं आहे त्या कोंडाजीचा तर रोज सकाळी फेरा असतो.

वाऱ्यावरून दोन घरांत थोडं भांडण झालं, त्यात पंचांनी मला साक्षीला बोलावलं. जे दिसलं ते मी सांगितलं. सरपंचांनी शेजारी खुर्ची दिली. बाकी भेटीत बोलू.

बेअरिंगचं काम मार्गी लागलेलं आहे. काळजी नसावी.

आपला,
सहदेव

————

कुलाबा, मुंबई
२१ डिसेंबर १९८१

आदरणीय दाजी,
जय भीम.

तुमचं पत्र वाचून इतका आनंद झाला की तसाच बाईंकडे गेलो आणि काम झालं म्हणून सांगून टाकलं. भिरभिरं दुकानावर लावून रोज तपासतात, गावात त्याच्यावरून वारा बघतात, हे ऐकून बाई खूश झाल्या. म्हणाल्या, असा माणूस पाहिजे, वस्तू दुरुस्त करून लगेच परत पाठवत नाही, आधी चालवून बघतो.

बाई नाताळात भावाकडे पुण्याला जाणार आहेत. तीन जानेवारीच्या रविवारी त्या स्वतः गाडी चालवत परत येतील आणि वाटेत कुंभिवलीला थांबून भिरभिरं घेऊन जातील. वर्कशॉपही बघायचं म्हणतात. मी खूप सांगितलं की रविवारी कारागिरांना सुट्टी असते. त्या म्हणाल्या, मालक तर असेल.

तुमचे उपकार मी विसरणार नाही. ताईला जय भीम.

हिरामण

————

कुंभिवली
२५ डिसेंबर

चि. हिरा यास,
भागूताईचा जय भीम आन आशीर्वाद.

तुझं पत्र यांनी मोठ्यानं वाचायला घेतलं. बाई येनार इथपर्यंत वाचलं, मग पानी प्याले आन म्होरलं मनातच वाचलं. तवाच मी ठरवलं का आपन लिवायचं. यांना कळवू नको.

मार्गी लागलंय ते काय, तर बेअरिंग अजून मिळालेलंच नाय. भिरभिरं जसं आलं तसंच बांबूवर चढलंय. वाट्या कुरकुरत का व्हईना फिरतात, म्हनून लोकांना वाटतं का चालू हाय. पातं मातुर हालत नाय. यांनी बसवताना त्याचं तोंड मालोजीच्या घराकडं झालं, ते तसंच हाय. वारा डोंगराकडनं येवो नायतर खाडीकडनं, चोच आपली मालोजीकडं.

आता झालं काय ते ऐक. मालोजीनं टेंपोला नवा हिरवा रंग दिला. निम्मा दिवस खपून एकट्यानं दिला आन वाळायला अंगनात उभा केला. त्याच दुपारी कोंडाजीनं खळ्यावर भात वारवायला घेतलं. आधी यांना इचारून गेला. चोच मालोजीच्या घराकडं, म्हंजे वारा तिकडनं येतोय, भुसा शेतात जाईल, असं यांनी सांगितलं. वारा होता उलटा. सगळा भुसा गेला ओल्या रंगावर. हिरा, टेंपोला केस फुटले रं. येनारी जानारी पोरं त्याच्यावर हात फिरवून बघायची.

मालोजी पंचायतीत गेला. कोंडाजी म्हनाला का वाऱ्याचं सरकारी यंत्र हाय, त्याला इचारा. मंग यांना बोलावनं आलं. तुला म्हाईत हाय, यांचा बाप पंचायतीच्या ओसरीवर कधी चढला नव्हता. काय सांगायचं ते खालनं उभं राहून सांगायचा. यांना सरपंचानं वर बोलावलं आन आपल्या शेजारी खुर्ची दिली. चोच कुठं होती, असं इचारलं. हे म्हनाले, मालोजीच्या घराकडं. खोटं नाय बोलले. पन खरं बी नाय बोलले.

मंग भुसा आला कुठनं? तर गिरनीचे भुशाचे ट्रक हायवेनं जातात, त्यातनं उडाला असं ठरलं. आन मालोजीनं उगा आळ घेतला म्हनून त्यानंच कोंडाजीला कोंबडा द्यायचा. दिला बिचाऱ्यानं. चांगला तुऱ्याचा होता.

मालोजी आन हे रोज सकाळी दुकानात एकत्र चहा प्यायचे. आता तो समोरच्या हाटेलात बसतो, आमच्याकडं पाठ करून. हे दुपारी डबा उघडतात आन तसाच झाकतात. मी म्हनले, जा आन सांगा का पातं अडकलं होतं. मंग म्हनाले, "आन खुर्ची परत गेली तर?"

हिरा, तू बग काय सुचतं का.

तुझी बहीन,
भागू

————

कुलाबा, मुंबई
२८ डिसेंबर

आदरणीय दाजी,
जय भीम.

एक सांगायचं राहिलं. बाईंना जुनी बेअरिंगं बघायची फार हौस आहे. काढलेली बेअरिंगं त्या हातात घेऊन, नखाने फिरवून बघतात आणि ती कशाने गेली ते सांगतात. तरी तुम्ही काढलेली सगळी बेअरिंगं काचेच्या बाटलीत घालून तयार ठेवा. नसतील तर बाईंना वाटेल की काम झालंच नाही, आणि तसं तर तुमच्याबाबतीत होणार नाही.

हिरामण

(ताई, हे दुसरं पान तुझ्यासाठी आहे. पाकीट तू उघडशील हे धरून लिहितोय. बाटलीचं सगळं माझ्या मनचं आहे, बाईंनी कधी जुनं बेअरिंग मागितलेलं नाही. पण दाजींना सरळ बोललो तर ते रुसून बसतील. बाटली भरायची तर यंत्र उघडावं लागेल, एवढंच मला सुचलं. मालोजीचं मात्र मला काही सुचत नाही. ते त्यांचं त्यांनाच करावं लागेल. आणि ताई, मला खरंच त्या बोटीवर बसायचं आहे गं.)

————

कुंभिवली
१ जानेवारी १९८२

प्रिय मेहुणे यांस,
जय भीम व नवीन वर्षाच्या शुभेच्छा.

आपल्या सूचनेप्रमाणे बाटली तयार आहे. बेअरिंगं चारही काढली. पात्याकडची दोन निघेनात, ती रॉकेलमध्ये भिजत ठेवली, मग यंत्राचं अंग गरम पाण्यात धरल्यावर सुटून आली. बसवताना हातोडी लावली नाही. एक लांब बोल्ट आणि दोन वायसर घेऊन, बाहेरच्या कड्यावर दाब देत, पाव पाव आटा पिळत बसवली. कर्जतच्या घड्याळजीकडून पातळ तेल आणि डोळ्याला लावायचं भिंग आणलं. एवढं बारीक बेअरिंग दातांच्या डॉक्टरांच्या मशीनशिवाय कुठे मिळायचं नाही, हे त्या घड्याळजीनेच सांगितलं.

योगायोगाने त्याच सुमारास भागूची दाढ दुखत असल्याने तिला नेरळला दातांच्या डॉक्टरांकडे नेणं झालं. डॉक्टर सज्जन आहेत. त्यांनी नवं मशीन घेतल्यामुळे जुन्याचे दोन दांडे पडून होते, प्रत्येकात दोन बेअरिंगं, ते त्यांनी दिले. मापात थोडा फरक होता, तो बारीक पत्र्याची पट्टी गुंडाळून भरून काढला. बदल्यात त्यांचा पंखा भरून द्यायचा आहे.

आपला,
सहदेव

हिरा, खाली जागा उरलीय म्हनून लिवते. हे चहाला गेलेत.

माझी दाढ दुखत नव्हती. हे म्हनाले, कर्जतला बाजाराला जाऊ. कर्जतला उतरून मला नेरळच्या गाडीत बसवलं. नेरळला उतरल्यावर सांगितलं का तुझी दाढ दुखतीय. मी म्हनले, कुठली? तर म्हनाले, ते तू ठरव.

डाक्टरनं खुर्चीत आडवं पाडलं आन इचारलं का कुठं दुखतंय. मी यांच्याकडं बघितलं. हे कुठं बघत होते? मशीनकडं. वाकून वाकून बघत होते, खालनं, मागनं. डाक्टरनं मशीन चालू केलं, सूं करून आवाज आला, तशी मी उठून बसले आन पयल्यापास्नं सगळं सांगितलं. बोट, भिरभिरं, टेंपो, कोंबडा, सगळं. डाक्टर लय हासले. बाहेर बसलेल्या मान्सांना बी आत बोलावून परत सांगायला लावलं. एका बाईचा गाल सुजला होता, ती हासता हासता रडायला लागली.

येताना गाडीत मी यांच्याशी बोलले नाय. कर्जत आल्यावर हे म्हनाले, "तू त्या अनोळखी डाक्टरला किती सहज सांगितलंस." मी म्हनले, खरं हाय ते सांगायला काय लागतं. हे खिडकीबाहेर बघत बसले.

भागू

————

कुंभिवली
५ जानेवारी

चि. हिरा,
जय भीम.

तुझ्या बाई येऊन गेल्या. तुला त्यांनी काय सांगितलं ते म्हाईत नाय, मी आमच्याकडचं सांगते.

शनिवारी सांजच्याला भिरभिरं परत बांबूवर चढलं. रविवारी सकाळी उठून बघते तर काय रं, वाट्या अशा फिरत होत्या का डोळा ठरंना, आवाज म्हनून नाय. आन पातं जरा वारा बदलला का वळायचं. हायवेनं मोठा ट्रक गेला तरी मान वळवून बघायचं.

मालोजी समोर चहा पीत होता, आमच्याकडं पाठ करून. हाटेलवाल्यानं त्याला काय सांगितलं कुनास ठाऊक, तो वळला आन वर बघत राहिला. मंग रस्ता वलांडून आला आन बांबूच्या खाली उभा राहिला. हे आत पंपाशी खुडबूड करत होते, उगाच. मालोजीनं लय येळ बघितलं, मंग गेला आन सरपंचाला, कोंडाजीला घेऊन आला. पाठोपाठ निम्मा गाव.

तेवढ्यात बाईंची गाडी आली. पांढरे केस, पँट घातलेली, एकटी बाई गाडी चालवत आलेली. लोकांनी काय समजायचं? वाऱ्याच्या खात्याची मोठी साहेबीन आली. सरपंचानं शाळेतनं खुर्ची मागवली. बाई बसल्या नाय. सरळ भिरभिऱ्याखाली गेल्या, वर बघितलं आन लहान पोरीवानी हासल्या. तुझी कसली ती फ्याक्टरी त्यांनी बघितली, चार पत्रे आन एक बाकडं. मला म्हनाल्या, "हिरामण बंडल मारतो ते मला माहीत होता. पण काम बघ, किती सुंदर केला."

सरपंचानं हात जोडून इचारलं का बाईसाहेब, या यंत्रावर भरोसा ठेवायचा का नाय? बाई म्हनाल्या, जरूर ठेवायचा, बेअरिंग अडकला नसेल तर. आन यांच्याकडं वळून सहज इचारलं, "बेअरिंग कधी बदलला?"

यांनी बाटली घट्ट धरली होती. यांना एवढंच म्हनता आलं असतं का महिना झाला. बाईंना काय कळनार होतं. सरपंचाला तरी काय कळनार होतं. मालोजी यांच्या तोंडाकडं बघत होता.

हे म्हनाले, "परवा."

मंग हे आपनहून सांगाय लागले. पातं पयल्यापास्नं अडकलेलं होतं, मला म्हाईत होतं, साक्षीच्या दिवशी पन म्हाईत होतं. तुमी खुर्ची दिली आन मला ती सोडवली नाय. एवढंच बोलले. आवाज बारीक झाला होता, पन मागल्या मान्सापर्यंत गेला.

कोंडाजी हळूच मागं सरकत होता, कोंबडा खाऊन झाला होता ना. मालोजी तिथनं निघाला. मला वाटलं, गेला. पन त्यानं बाईंसाठी आनलेली शाळेची खुर्ची उचलली, यांच्या मागं आनून ठेवली आन खांदा दाबून यांना खाली बसवलं. म्हनाला, "खरं सांगायला उभा राहिलास, झालं ते. आता बस, आन चहा मागव."

हे बसले आन रडले. बाईंनी दुसरीकडं तोंड केलं आन भिरभिरं खाली उतरवायला पोरांना हाका मारायला लागल्या.

म्होरलं ऐक. नवीन निवाडा तिथंच झाला. कोंडाजीनं मालोजीला दोन कोंबडे द्यायचे आन टेंपो खरवडून द्यायचा. कोंडाजी म्हनाला का मी तर यंत्रावर भरोसा ठेवला, माझी काय चूक. तेबी खरं होतं. मंग एक कोंबडा आमी द्यायचा ठरला. तिघांच्या घरचं एकत्रच शिजवलं. बाई जेवून गेल्या. हाडूक हातात धरून नीट खाल्लं त्यांनी.

टेंपो मातुर खरवडू दिला नाय मालोजीनं. म्हनतो, हायवेवर आता सगळे वळखतात, भाडं जास्त मिळतं.

भागू

————

कुलाबा, मुंबई
१ फेब्रुवारी १९८२

आदरणीय दाजी आणि ताई,
जय भीम.

काल शर्यत झाली. पहिल्यापासून सांगतो.

भिरभिरं डोलकाठीवर चढवून वायर जोडली तेव्हा काटा लगेच उठला. बाईंनी एकदा वर बघितलं, एकदा काट्याकडे बघितलं आणि गालावर हात ठेवला. दाताच्या डॉक्टरचं ऐकल्यापासून वर बघितलं की माझी दाढ ठणकते, असं त्या म्हणतात. पण दाजी, तुमचं काम असं झालंय की शेजारच्या बोटीवरचे दोघे येऊन बघून गेले.

नऊ बोटी होत्या. मला काट्यापाशी बसवलं. वारा बदलला की मोठ्याने सांगायचं, एवढंच काम. पहिल्या वळणापर्यंत आम्ही मागून दुसरे होतो. मी सांगायचो, बाई वळवायच्या, पण पुढच्या बोटी कुठे सोडतात. मग भर दुपारी वारा पडला. असा पडला की समुद्र ताटासारखा झाला. सगळ्या नऊ बोटी जागच्या जागी. शिडं लोंबायला लागली. पुढच्या बोटीवरच्या लोकांनी डबे काढून जेवायला सुरुवात केली.

मी काट्यावरून नजर काढली नाही. काटा शून्यावर पडला होता. बऱ्याच वेळाने तो थरथरला. मला वाटलं, मीच हललो. वर बघितलं तर एक वाटी इतकी हळू सरकत होती की माशी बसली असती तर थांबली असती. पातं वळलं. चोच उरणच्या बाजूला. अंगाला वारा लागत नव्हता, पाण्यावर सुरकुती नव्हती. मी बाईंना सांगितलं, वारा उरणकडून येतोय.

बाईंनी विचारलं, "नक्की?"

दाजी, त्या वेळी मला तुमची आठवण झाली. चुकलं तर आठ वर्षांनी मिळालेली जागा गेली. पण दिसत होतं ते खरं होतं. मी नक्की म्हणालो. बाईंनी माझ्या शब्दावर बोट फिरवली आणि शिडं दुसऱ्या अंगाला घ्यायला लावली. बाकी सगळे आमच्याकडे बघून हसत होते. आमच्याच बोटीवरचा एक जण माझ्याकडे असा बघत होता की मला पाण्यात उडी मारावीशी वाटली. काहीच होईना. मग शिडाची खालची कड जरा उचलली गेली. मग पोट भरल्यासारखं शीड फुगलं आणि आम्ही त्या जेवणाऱ्या लोकांच्या शेजारून निघून गेलो. एकाचा घास हातातच होता.

आम्ही दुसरे आलो. पहिल्या बोटीला गाठता आलं नाही, ती फार पुढे होती. बाईंची बोट गेली कित्येक वर्षं पाचव्याच्या वर आली नव्हती.

धक्क्यावर उतरल्यावर मी नेहमीप्रमाणे बादली आणि ब्रश घ्यायला निघालो. बाईंनी हाक मारली आणि म्हणाल्या, "ते ठेव. धुवायला दुसरा माणूस बघते. तू पुढच्या शर्यतीला वेळेवर ये." एवढं बोलून त्या गाडीत बसून गेल्या. मी ती बादली हातात घेऊन बराच वेळ तिथेच उभा होतो.

आता दाजी, हे पुढचं फक्त तुमच्यासाठी आहे. ताईला दाखवू नका. बोटीवर कायमचा घ्यायचा तर माणसाला पोहता आलंच पाहिजे, असा बोटींच्या क्लबचा नियम आहे. बाईंनी मला कामावर ठेवताना विचारलं होतं. मी म्हणालो होतो, आमच्या गावात पाताळगंगा आहे, आम्ही पाण्यातच वाढलो. आठ वर्षं मी हे सांगत आलोय. मार्चमध्ये क्लबचा माणूस सगळ्यांना पाण्यात उतरवून बघणार आहे. मला पाणी गुडघ्याच्या वर आलं की ओरडायला होतं, हे तुम्हाला लग्नापासून माहीत आहे. दोन रविवारांत मला पोहायला शिकवाल का? कोणाला कळू न देता, नदीच्या आतल्या वळणावर.

तुमचा,
हिरामण

————

कुंभिवली
४ फेब्रुवारी

हिरा,

पाकीट मी उघडलं. मालोजीला वाचून दाखवलं, त्यानं कोंडाजीला सांगितलं, आता सरपंचाला बी म्हाईत हाय. रविवारी सकाळच्या गाडीनं ये. पाठीला बांधायला तेलाचा रिकामा डबा आन दोरी काढून ठेवलीय. काठावर बसायला मान्सं लय होनार, म्हनून शाळेतल्या खुर्च्या सांगितल्यात.

चड्डी बरी आन.

भागूताई